पाटा वाढवू नका, बाबांनो!

मंडळी, पुतण्याची पिकअप बारा-तेरा वर्षांची. रिकामी असली की उड्या मारते, भरली की वळणावर झुलते. गॅरेजवाला म्हणाला, "मागे एकेक पाटा वाढवू." मी म्हटलं, थांब.

मी मास्तर, मेकॅनिक नव्हे. पण जन्मभर मुलांना 'का?' विचारायला शिकवलं. पाटा वजन पेलतो, उसळी जिरवतो तो शॉकॲब्सॉर्बर. तोच गळका असेल, तर वाढीव पाट्याने रिकामी गाडी अधिकच आदळणार. शिवाय पाटा वाढला की मालही वाढतो. ब्रेक मात्र तेवढेच राहतात, आणि घाट उतरताना गाठ ब्रेकशीच असते!

म्हणून आधी टायरमधली हवा, मग शॉकॲब्सॉर्बर, पाट्यांचे झिजलेले बुश आणि शेवटी अलाइनमेंट.

पुतण्याने ऐकलं. परवा त्याच्या शेजारी बसून घाट उतरलो, कंबर दुखली नाही. खाली आल्यावर तो म्हणतो, "काका, आता दोन क्विंटल जास्त घेऊ का?"

"नाही," मी म्हटलं. गाडी सुधारायची ती माणूस धड घरी यावा म्हणून, माल वाढावा म्हणून नव्हे.

असो. तुम्हाला काय वाटतं?