पुस्तक कोठून घ्यावे?

शाळेच्या स्मरणिकेत शिक्षणाविषयी पुष्कळ लिहिले जाते. पुस्तक कोठून विकत घ्यावे, याविषयी क्वचितच. परंतु हा प्रश्न आज माजी विद्यार्थी आणि पालक दोघांनाही पडतो. मोबाइलवर तेच पुस्तक सवलतीत मिळते, घरपोच येते. मग गावातल्या लहान ग्रंथविक्रेत्याकडे जाण्याचे प्रयोजन काय? आमच्या मते प्रयोजन आहे, आणि ते केवळ भावनेचे नाही.

पदरमोड करून ग्रंथ घेणे ही आपली जुनी शिस्त आहे. न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना बाबासाहेबांनी पोटाला चिमटा घेऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे २,००० ग्रंथ जमविले. १९१७ मध्ये त्यांचे सामान आणणारे जहाज बुडविले गेले आणि त्यातील ग्रंथ गेले. तरी त्यांनी नव्याने संग्रह उभारला. दादरचे राजगृह पुढे ग्रंथांचे घर म्हणूनच ओळखले गेले.

हीच शिस्त समाजाने दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला दादरला जपली. माणसे तेथून पिशवीत पुस्तके घेऊन परततात. ती पुस्तके मांडणारे बहुतेक लहान प्रकाशक व विक्रेते असतात. पुण्यात विलास वाघ आणि उषा वाघ यांनी सुगावा प्रकाशन चालवून परिवर्तनाच्या विचारांची पुस्तके वाचकांपर्यंत नेली, ती अशाच निष्ठेने. मात्र वर्षातल्या दोन-चार दिवसांच्या विक्रीवर दुकानाचे बारा महिन्यांचे भाडे भागत नाही.

येथे एक साधा हिशेब ध्यानात घ्यावा. आपल्या घरांत वाचनाचा आरंभ बहुधा वीस-तीस रुपयांच्या पुस्तिकेने झाला आहे. अशी पुस्तिका घरपोच पाठविण्याचा खर्च तिच्या किमतीहून अधिक होतो. म्हणून मोठ्या ऑनलाइन व्यवहारात तिला जागा नाही. ती टिकते स्थानिक विक्रेत्याच्या फळीवर. शिवाय ज्या पुस्तकाचे नावच ठाऊक नाही, ते मुलाने मोबाइलवर शोधावे तरी कसे? दुकानात ते हाती लागते, चाळता येते. आणि ‘हे वाचलेस, आता ते वाच’ असे सांगणारा जाणता माणूस समोर असतो.

सवलतीचे महत्त्व आम्ही नाकारत नाही. दोनशे रुपयांच्या पुस्तकावर चाळीस रुपये वाचले, तर मजुरी करणाऱ्या पालकाला ते मोठेच असतात. त्यांनी जेथे स्वस्त मिळेल तेथून घ्यावे. त्यांना कोणी बोल लावू नये. ज्यांच्या गावात दुकानच नाही, त्यांना तर दुसरा मार्गच नाही. ही जबाबदारी प्रथम येते ती नोकरी-व्यवसायात स्थिरावलेल्या आपल्यासारख्यांवर आणि ग्रंथालये चालविणाऱ्या संस्थांवर. शाळेची वार्षिक खरेदी, बक्षिसांची पुस्तके, विवाहात वा गृहप्रवेशात द्यावयाचे ग्रंथ, एवढे जरी स्थानिक विक्रेत्याकडून घेतले, तरी त्याचे दुकान तग धरील.

विक्रेत्यांकडूनही काही अपेक्षा आहेत. पावती द्यावी, मागविलेले पुस्तक सांगितलेल्या मुदतीत आणून द्यावे, आणि चोरून छापलेल्या आवृत्त्या ठेवू नयेत. लेखकाचे श्रम बुडवून ज्ञानाचा प्रसार होत नाही.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती एवढीच की, प्रत्येकाने वर्षातून किमान दोन पुस्तके आपल्या गावातल्या दुकानातून घ्यावीत: एक स्वतःसाठी आणि एक वसतिगृहाच्या ग्रंथालयासाठी. आज वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला उद्या सुट्टीत गावी गेल्यावर पुस्तक चाळायला एखादे दुकान उरेल की नाही, हे आपल्या या लहानशा खरेदीवर अवलंबून आहे.