आत किती जण होते?

डोंबिवली एमआयडीसीच्या फेज दोनमधील अमुदान केमिकल्स या कारखान्यात २३ मे २०२४ च्या दुपारी रिअ‍ॅक्टरचा स्फोट झाला. दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या, शेजारचे कारखाने पेटले, दहाहून अधिक माणसे गेली आणि साठाहून अधिक जखमी झाली. पुढचे काही दिवस जवान ढिगारा उपसत राहिले. बेपत्ता माणसांचे नातेवाईक रुग्णालयांच्या दारात ताटकळत होते आणि सापडलेल्या अवशेषांची ओळख पटवण्यासाठी डीएनए चाचणीचा आधार घ्यावा लागला. मृतांचा आकडा दिवसागणिक बदलत गेला. याच वसाहतीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीतील स्फोटाने बारा जणांचा जीव घेतला होता आणि दोनशेहून अधिक लोक जखमी झाले होते. स्फोटाची कारणे तज्ज्ञ समित्या शोधतील. पण आगीसमोर उभ्या असलेल्या अग्निशमन अधिकाऱ्याला पहिल्याच मिनिटाला एक उत्तर हवे असते: आत किती जण आहेत आणि ते कुठे आहेत? हे उत्तर देणारे तंत्र आज स्वस्तात मिळते. डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर आणि ठाण्याच्या पट्ट्यातील धोकादायक कारखान्यांना ते सक्तीचे करावे, मात्र कामगाराच्या जिवासाठीच करावे, त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी नव्हे.

तंत्र साधे आहे. कामगाराच्या हेल्मेटला किंवा ओळखपत्राला एक छोटा टॅग लावायचा. तो ठरावीक वेळाने ब्लूटूथचा क्षीण संदेश सोडत राहतो. प्रत्येक शेडमध्ये, प्रत्येक मजल्यावर आणि फाटकावर बसवलेली यंत्रे तो ऐकतात आणि तो किती जोरात ऐकू आला याची नोंद करतात. जवळच्या यंत्राला जोरात, लांबच्याला क्षीण, या फरकावरून माणूस कुठल्या भागात आहे हे ठरते. उपग्रहाचे संदेश छपराखाली धड पोहोचत नसल्याने जीपीएस इथे कामाचे नाही. मायक्रोसॉफ्टमधील परमवीर बहल आणि व्यंकट पद्मनाभन यांनी २००० साली कार्यालयाच्या एका मजल्यावर केवळ सिग्नलच्या ताकदीवरून माणसाची जागा साधारण दोन-तीन मीटरपर्यंत ओळखता येते, हे दाखवून दिले. असेच टॅग लावले, तर माणसांसाठी बसवलेली यंत्रेच श्वसनसंच, गॅसमापक आणि अग्निशामक नळकांडी कुठे ठेवली आहेत तेही सांगू शकतात. आणीबाणीत ही साधने शोधण्यात जाणारी मिनिटे फार महाग पडतात.

यावर पहिला आक्षेप जाणकारांचाच असतो आणि तो खरा आहे: हे मोजमाप फसवे आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की सिग्नलची ताकद चौथाईवर येते. कारखान्यात मात्र असा नियम टिकत नाही. लोखंडी टाक्या आणि पाइप लहरी परतवून लावतात, आणि पाण्याने भरलेले माणसाचे शरीर त्या शोषून घेते. टॅग छातीवर असला आणि माणसाने नुसती पाठ फिरवली तरी आकडा बदलतो. करोनाकाळात आरोग्य सेतूसारखी अ‍ॅप ब्लूटूथवर विसंबून होती. तेव्हा डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील डग्लस लीथ आणि स्टीफन फॅरेल यांनी ट्रामच्या डब्यात मोजमाप केले. कोण कोणाच्या दोन मीटर आत उभा होता हे ओळखण्यात ही पद्धत चिठ्ठ्या टाकून निवड करण्यापेक्षा सरस ठरली नाही. धातूच्या डब्याची ही गत, तर रासायनिक कारखान्याची वेगळी असणार नाही. पण बचावपथकाला दोन मीटरची अचूकता लागतच नाही. ‘रिअ‍ॅक्टरच्या शेडमध्ये सात, गोदामात दोन, कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर चार’ एवढे कळले तरी शिडी कुठे लावायची आणि जवान कुठल्या दारातून आत घालायचे याचा निर्णय होतो. प्रत्येक शेडमध्ये स्वतंत्र यंत्रे बसवली आणि टॅग सर्वांत जोरात कुठे ऐकू येतो एवढेच पाहिले, तर ही ढोबळ विभागणी बऱ्यापैकी भरवशाची होते. सीमेवर चूक होईल, पण आज आपल्या हाती शून्य माहिती आहे.

हा ढोबळपणा मला या तंत्राचा गुण वाटतो, कारण दुसरा आक्षेप पाळतीचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली, तेव्हा कामगार संघटनांनी उठवलेला सवाल रास्त होता: ही सोय कोणासाठी? माणूस कुठे उभा आहे, किती वेळ थांबला, हे वरिष्ठाला घरबसल्या दिसू लागले की सुरक्षेचे साधन पगार कापण्याचे साधन व्हायला वेळ लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा मात्र कलम ७ मध्ये नोकरीशी संबंधित कारणांसाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा देतो. म्हणजे केवळ या कायद्यावर विसंबून कामगार सुरक्षित राहणार नाही. म्हणून सक्तीच्या नियमातच मर्यादा लिहिलेल्या हव्यात. नोंद शेडपुरती असावी, यंत्रापुरती नसावी. शौचालय, विश्रांतीची जागा आणि युनियनची खोली वगळता येत नसेल, तर ती शेजारच्या शेडमध्येच मोजावी. पडद्यावर फक्त टॅग क्रमांकांची संख्या दिसावी. नावांची यादी मोहोरबंद असावी आणि धोक्याचा भोंगा वाजला तरच उघडावी. दुर्घटना न घडल्यास चोवीस तासांत नोंद पुसली जावी. हजेरी, पगार किंवा शिस्तभंगासाठी ती पुरावा म्हणून चालणार नाही, हे स्पष्ट शब्दांत लिहिले जावे.

सर्वांत महत्त्वाची अट पुढची आहे: ही मोजणी मालकाच्या संगणकात अडकून राहता कामा नये. हजेरीपटाची सक्ती १९४८ च्या कारखाने कायद्यापासून आहे. तरीही दुर्घटनेनंतर आकडा सापडत नाही, याचे कारण सर्वांना ठाऊक आहे. कंत्राटदाराचे मजूर, रोजंदारीवर आलेला वेल्डर, टँकरचा चालक आणि क्लीनर, साफसफाईची बाई ही माणसे बऱ्याचदा कारखान्याच्या पटावर नसतात. शिवाय कागद कार्यालयातच जळतो आणि सांगणारा पर्यवेक्षक स्वतःच आत अडकलेला असतो. फाटकातून आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला टॅग मिळाला आणि दर मिनिटाची शेडनिहाय संख्या एमआयडीसीच्या अग्निशमन केंद्रात व महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात पोहोचली, तर स्फोटात टॅग आणि यंत्रे उडाली तरी शेवटच्या मिनिटाचा आकडा बाहेर शिल्लक राहतो. पटावर नसलेला मजूरही त्या आकड्यात असतो, आणि त्याच्या बायकोला भरपाईसाठी ‘माझा माणूस आत होता’ हे सिद्ध करत फिरावे लागत नाही. काही मालकांचा खरा विरोध खर्चाला नसून या पारदर्शकतेला असेल, तर तेच ही सक्ती करण्याचे सर्वांत मोठे कारण मानले पाहिजे.

खाणकामगारांच्या जगाने हा धडा पूर्वीच घेतला. ब्रिटनच्या कोळसा खाणींत खाली उतरणारा मजूर क्रमांकाचा पितळी बिल्ला घेई आणि वर आल्यावर परत करी. कोणता बिल्ला परतला नाही यावरून कोण खाली आहे ते कळे. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील सागो खाणीत २ जानेवारी २००६ रोजी स्फोट झाला आणि तेरा जण अडकले. बारा जिवंत असल्याची चुकीची बातमी कुटुंबांपर्यंत पोहोचली, चर्चमध्ये आनंद झाला आणि काही तासांनी कळले की फक्त एकच वाचला आहे. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेने कायदा केला आणि भूमिगत खाणींना माणसांचा इलेक्ट्रॉनिक माग ठेवण्याची व्यवस्था तीन वर्षांत आखायला लावली. एका दुर्घटनेनंतर सहा महिन्यांत त्यांनी नियम बदलला. डोंबिवलीत दोन स्फोटांनंतरही आपण ढिगाऱ्यातच मोजणी करतो.

उरतात दोन व्यावहारिक शंका. स्फोटक वाफा असलेल्या जागी आणखी विजेची उपकरणे कशी न्यायची? अशा जागी ठिणगी पडू न देणारी, प्रमाणित उपकरणेच वापरायची असतात, आणि या क्षेत्रातील नियमनाचे काम पाहणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. दुसरी शंका खर्चाची. प्रमाणित टॅग साध्या टॅगपेक्षा महाग पडेल हे खरे. पण लहान कारखान्यांनी एकेकट्याने व्यवस्था उभारायची गरज नाही. ‘कामा’ ही कल्याण-अंबरनाथच्या उत्पादकांची संघटना, एमआयडीसी आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय यांनी मिळून सामायिक यंत्रणा उभारावी आणि आधी सर्वाधिक धोक्याच्या कारखान्यांपासून सुरुवात करावी. ‘कारखानेच हलवा, टॅग कशाला’ असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला मान्य आहे. घरांना खेटून रिअ‍ॅक्टर असू नयेत. पण स्थलांतराच्या घोषणांना वर्षे लोटतात आणि पहिली पाळी रोज सकाळी कामावर जाते. टॅग स्फोट थांबवत नाही, सुरक्षा तपासणीची जागा घेत नाही, आणि कोणी तसा दावा केला तर तो खोडून काढला पाहिजे. तो फक्त एवढीच खात्री देतो की आत गेलेला प्रत्येक जण कोणाच्या तरी मोजणीत आहे.

औद्योगिक सुरक्षा संचालनालयाने हा नियम या मर्यादांसह तयार करावा, कामगार संघटनांना त्याच्या देखरेखीत जागा द्यावी, आणि डोंबिवलीच्या फेज एक व दोनपासून अंमलबजावणी सुरू करावी. पुढच्या भोंग्याच्या वेळी अधिकाऱ्याच्या हातात आकडा असलाच पाहिजे.