एक घर, एक काम

मराठवाड्यात मदत करणाऱ्यांची वाण नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ओढे-नाले शिवारात शिरले, उभं सोयाबीन पाण्याखाली गेलं, तेव्हा धान्य-कपड्यांची किटं घेऊन गाड्या आल्या आणि गावोगावच्या पोरांनी, व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली. त्या आठवड्यात त्याचीच गरज होती. पण किटातलं पीठ-तेल पंधरा दिवसांत संपतं, आणि रब्बीच्या बियाण्यासाठी तेच घर पुन्हा सावकाराच्या ओट्यावर जातं. जवळा बाजार हे औंढा नागनाथ तालुक्यातलं बाजारपेठेचं गाव. इथले आडते, दुकानदार, शिक्षक आणि नोकरीनिमित्त बाहेर गेलेली मंडळी मिळून दात्यांचा एक कायमचा गट उभा राहू शकतो. माझं म्हणणं एवढंच, की अशा गटाने वाटपात पैसा घालवू नये. एका वेळी एक घर निवडावं, त्या घराला उभं करणारं एक काम ठरवावं आणि ते तडीस न्यावं.

सरकार असताना गावाने हे का करावं, असा पहिला आक्षेप येईल. सरकारची जबाबदारी कुणी माफ करायला सांगत नाही. पण सरकारी मदत नियमाने चालते आणि नियमाबाहेर उरलेली माणसं फक्त शेजाऱ्यांना दिसतात. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर कुटुंबाला १ लाख रुपये मिळतात. त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. त्यासाठी जमीन कुटुंबाच्या नावावर लागते, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज थकलेलं लागतं. दुसऱ्याचं रान बटईने कसणारा, हातउसन्या पैशांवर पेरणारा माणूस गेला, तर त्याच्या फायलीवर ‘अपात्र’ असा शेरा पडतो. त्याच्या बायकोचं दुःख मात्र पात्र ठरलेल्या घरापेक्षा कणभरही कमी नसतं. संजय गांधी निराधार योजनेत विधवेला महिन्याला १,५०० रुपये मिळतात, पण त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला हवा. तो काढायला तहसीलला खेटे घालायचे, म्हणजे तितकी रोजंदारी बुडवायची. गटाने कुणाची कागदपत्रं पूर्ण करून दिली, जाण्यायेण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी भरून दिली, तरी ते एक पूर्ण कामच झालं. थोड्या खर्चात दरमहाचा आधार सुरू होतो.

पैसा कुठून येणार, हा प्रश्न महाराष्ट्राने पूर्वीच सोडवलेला आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या वसतिगृहांसाठी त्यांनी मुष्टिफंड चालवला. घरातली बाई रोज स्वयंपाकाआधी मूठभर धान्य वेगळ्या मडक्यात टाकायची आणि साठलेलं धान्य पोरांच्या जेवणाला जायचं. देणाऱ्याला ती मूठ जड नव्हती, आणि घेणाऱ्या पोराला कुण्या एका धनिकाचं मिंधं व्हावं लागत नव्हतं. मला यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. जवळा बाजारात २०० जणांनी महिन्याला १०० रुपये काढले, तर वर्षाला २ लाख ४० हजार होतात. एवढ्यात साऱ्या गावाचं दारिद्र्य हटत नाही, पण तीन-चार घरं नक्की उभी राहतात.

मोठी कामंही अशीच झाली आहेत. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे दुष्काळी लातुरात पोचली. त्याच सुमारास लातूरकरांनी ‘जलयुक्त लातूर’ ही चळवळ उभी करून लोकवर्गणीतून मांजरा नदीचा सुमारे १८ किलोमीटरचा पट्टा खोल-रुंद करायला घेतला. पुढे नदी भरली ती पावसाने, हे खरं. पण पाऊस यायच्या आत पात्र तयार होतं. २०१५ साली नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या महिलांना १५-१५ हजारांचे धनादेश दिले. त्यांच्या ‘नाम’ फाउंडेशननेही पुढे गाळ काढणं, नाला खोलीकरण अशी कामं हाती घेतली. दुःखाच्या घडीला रोख रक्कम लागतेच, पण तेवढ्यावर थांबून चालत नाही.

काम तडीस नेणं म्हणजे काय, हे मात्र नीट समजून घ्यावं लागेल. विधवा बाईला पिठाची गिरणी दिली आणि थ्री-फेज कनेक्शनचं डिपॉझिट कुणी भरलं नाही, तर ती गिरणी पडवीत धूळ खाते. शिलाई मशीन दिलं, पण पिको-फॉलची सोय नाही आणि शाळेच्या गणवेशाचं काम मिळवून दिलं नाही, तर वर्षभरात ते विकायला निघतं. मुलीची नर्सिंगची पहिल्या वर्षाची फी भरून हात झटकले, तर दुसऱ्या वर्षी ती घरी बसते. वस्तू देणं हा कामाचा जेमतेम अर्धा भाग आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी गटातल्या एका माणसाने त्या घरी वर्षभर जात राहायला हवं.

सगळ्यात खरा आक्षेप भावकीचा आहे. गावातल्या गावात निवड करायची म्हटलं की जात, गट, निवडणुकीतलं वैर आड येतं. वस्तीतलं घर मागे राहतं आणि पुढाऱ्याच्या नात्यातलं पुढे सरकतं. ही भीती मी नाकारत नाही. पण ती दूर करण्याचे उपाय हाताशी आहेत. निवड समितीत निम्म्या बाया असाव्यात, प्रत्येक वस्तीचं माणूस असावं आणि आपल्या नात्यातल्या घराबद्दल बोलणाऱ्याने त्या दिवशी मत देऊ नये. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, ती आधी काढावी. पावतीशिवाय रुपया घेऊ नये. जमाखर्च दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. त्यात काम आणि रक्कम लिहावी, घेणाऱ्याचं नाव नको. फ्लेक्स, स्टेज, साडी देतानाचा फोटो यांतलं काहीही नको. ज्या दात्याला फोटोशिवाय देता येत नाही, त्याचे पैसे न घेतलेलेच बरे.

जवळा बाजारच्या आडत्यांनी, शिक्षकांनी, बचतगटाच्या बायांनी सोयाबीनचा हंगाम संपायच्या आत एकदा एकत्र बसावं आणि पहिलं घर ठरवावं. बाहेरगावी असलेल्या जवळेकरांनी त्यांना आजच फोन करून महिन्याचे शंभर रुपये कबूल करावेत.