पदवी सुटली, शिक्षण सुटले नाही

१२ जून २००५ रोजी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचा पदवीदान समारंभ झाला. ‘ॲपल’ या संगणक कंपनीचे एक संस्थापक स्टीव्ह जॉब्ज हे त्या दिवशीचे प्रमुख वक्ते होते. प्रथेप्रमाणे झगा परिधान करून ते व्यासपीठावर आले आणि सुमारे पंधरा मिनिटांचे लिखित भाषण त्यांनी वाचून दाखवले. आपण महाविद्यालयाची पदवी घेतलेली नाही, पदवीदान समारंभाच्या इतक्या निकट आपण आजच येत आहोत, अशी कबुली त्यांनी आरंभीच दिली.

तंत्रज्ञान-उद्योगातील नेतृत्वाचा विषय निघाला की या भाषणाचा दाखला दिला जातो. मात्र त्यातून एक भ्रामक समजूतही पसरली. ‘एवढा मोठा उद्योजक कॉलेज सोडूनच मोठा झाला, मग शिकण्याची गरज काय?’ असा प्रश्न सहज विचारला जातो. ज्यांची शाळा परिस्थितीने हिरावून घेतली, त्यांना या प्रश्नातील पोकळपणा लगेच जाणवेल. शाळा सुटण्यात त्यांना कोणतेही वैभव दिसलेले नसते. वस्तुतः जॉब्ज यांचे भाषणही लक्षपूर्वक वाचले, तर ते वेगळेच काही सांगते.

जॉब्ज यांना जन्मानंतर लगेच दत्तक देण्यात आले. त्यांना वाढवणाऱ्या आईने महाविद्यालयाची पदवी घेतलेली नव्हती आणि वडिलांचे शालेय शिक्षणही अपुरे राहिले होते. हे समजल्यावर जन्मदात्या आईने दत्तकाच्या अंतिम कागदांवर सही करण्याचे नाकारले. मुलाला महाविद्यालयात पाठवू, असे वचन मिळाल्यावरच काही महिन्यांनी तिने संमती दिली. त्या कष्टकरी आईबापांनी वचन पाळले. १९७२ मध्ये मुलगा ओरेगन राज्यातील रीड कॉलेजात दाखल झाला. परंतु ते कॉलेज इतके महाग होते की, आयुष्यभराची शिल्लक शुल्कापायी संपू लागली. सहा महिन्यांनी त्याने नाव काढून घेतले.

येथेच पुष्कळांचे वाचन थांबते. खरी गोष्ट येथून पुढे सुरू होते. नाव कमी झाल्यावरही जॉब्ज सुमारे दीड वर्ष त्याच परिसरात राहिले. मित्रांच्या खोलीत जमिनीवर झोपावे, शीतपेयाच्या रिकाम्या बाटल्या परत करून मिळणाऱ्या पैशांतून खाण्याची सोय करावी, आठवड्यातून एकदा पोटभर जेवण मिळावे म्हणून दर रविवारी सात मैल चालत हरेकृष्ण मंदिरात जावे, असा तो काळ होता. या दिवसांत ते आवडीच्या वर्गांत जाऊन बसत. त्यांतला एक वर्ग सुलेखनाचा होता. अक्षरांचे नाना घाट, दोन अक्षरांमध्ये सोडायची जागा, छपाईतले सौंदर्य या गोष्टी त्यांनी तेथे आत्मसात केल्या. त्या विद्येचा व्यवहारात उपयोग होईल, असे तेव्हा त्यांना वाटले नव्हते. पुढे १९८४ मध्ये ‘मॅकिंटॉश’ संगणक तयार झाला, तेव्हा त्याच्या पडद्यावरील अक्षरांना देखणेपण आले ते या अभ्यासामुळे. शुल्काचा भार त्यांनी टाकला होता. शिकण्याची ओढ मात्र जपली होती.

नेतृत्वाविषयी या भाषणात जे सर्वांत मोलाचे आहे, ते यशाच्या नव्हे, अपयशाच्या हकिकतीत आहे. १९८५ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, जॉब्ज यांना स्वतःच स्थापन केलेल्या कंपनीतून बाहेर पडावे लागले. आपल्या हाती आलेला वारसा आपण सांभाळू शकलो नाही, या जाणिवेने त्यांनी डेव्हिड पॅकार्ड आणि बॉब नॉइस या ज्येष्ठ उद्योजकांना भेटून क्षमा मागितली. यशाचे ओझे उतरले आणि नवशिक्याचा मोकळेपणा परत आला, असे त्या दिवसांविषयी ते सांगतात. त्यानंतर त्यांनी ‘नेक्स्ट’ ही कंपनी काढली आणि ‘पिक्सार’ उभी केली. १९९५ मध्ये पिक्सारने ‘टॉय स्टोरी’ हा संपूर्णपणे संगणकावर साकारलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट दिला. पुढे ॲपलने ‘नेक्स्ट’ विकत घेतली आणि १९९७ मध्ये जॉब्ज ॲपलमध्ये परतले. चूक मान्य करण्यात ज्याला कमीपणा वाटत नाही, त्यालाच पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहता येते.

अर्थात या भाषणालाही मर्यादा आहे. मागे वळून पाहताना आयुष्याचे विखुरलेले ठिपके जुळतात, असे जॉब्ज म्हणतात. पण ज्यांचे ठिपके जुळले नाहीत, त्यांना व्यासपीठावर कोण बोलावतो? म्हणून एका असामान्य माणसाच्या वाटेला सर्वांसाठीचा राजमार्ग समजणे योग्य नाही. त्यांचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यांचेही शिक्षण अर्धवट राहिले होते. ॲपलमुळे संपत्ती आणि कीर्ती लाभल्यावरही त्यांनी बर्कली येथील विद्यापीठात टोपणनावाने पुन्हा नाव घातले आणि १९८६ मध्ये पदवी मिळवली. पोटासाठी त्यांना त्या कागदाची गरज उरली नव्हती. तरीही राहिलेले पूर्ण करावे, असे त्यांना वाटले.

एकाने पदवी सोडली, दुसऱ्याने ती परत येऊन घेतली. दोघांच्याही आयुष्यात शिकणे मात्र थांबले नाही. दिवसभर काम करून रात्री दिव्याखाली पुस्तक उघडणारी गृहिणी किंवा कामगार याच वाटेवरचे प्रवासी आहेत. वय उलटले म्हणून त्यांनी संकोचण्याचे कारण नाही. शाळा सुटण्याचा दिवस परिस्थितीने ठरवला असेल. पुन्हा शिकू लागण्याचा दिवस त्यांनी स्वतः ठरवलेला असतो. आपल्या आयुष्याचे नेतृत्व स्वतःकडे घेण्याची सुरुवात त्या दिवशीच झालेली असते.