आर्यभटाचा विसरलेला शब्द

१/४
‘पायचा शोध आर्यभटाने लावला’ हे विधान अभिमानाने फिरवले जाते. ते असत्य आहे. आर्यभटाच्या सात शतकांहून अधिक काळ आधी आर्किमिडीजने ९६ बाजूंच्या बहुभुजांमध्ये वर्तुळ कोंडले आणि परीघ व व्यास यांचे गुणोत्तर २२३/७१ आणि २२/७ यांच्या दरम्यान असल्याचे सिद्ध केले.

२/४
मग इ.स. ४९९च्या सुमाराच्या ‘आर्यभटीया’चे मोल कशात? त्यातला नियम असा: १०० मध्ये ४ मिळवा, ८ ने गुणा, ६२,००० मिळवा. येणारे ६२,८३२ म्हणजे २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा ‘आसन्न’ परीघ. गुणोत्तर ३.१४१६.

३/४
‘आसन्न’ म्हणजे जवळपासचा. हा शब्द गाळून आकडा मिरवणारे आर्यभटाचा प्रामाणिकपणाच पुसून टाकतात. केरळच्या नीलकंठ सोमयाजीने सुमारे हजार वर्षांनी नेमके याच शब्दाला धरून विचारले: नेमका परीघ का दिला नाही? त्याचे उत्तर असे, की ज्या मापाने व्यास निःशेष मोजला जातो, त्याच मापाने परीघ मोजताना शेष उरतोच.

४/४
‘सर्वप्रथम आम्हीच’ या घोषणेत अशा प्रश्नाला जागा नसते. ज्या परंपरेने आपल्या उत्तराची मर्यादा स्वतःच नोंदवली, तिला खोट्या श्रेयाची गरज नाही.