पुंगळ्या चिरडून काय साधणार?

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने मार्च २००९ मध्ये एक लहानसा हुकूम काढला. लष्कराच्या सराव-मैदानांवर झाडलेल्या काडतुसांच्या ज्या रिकाम्या पितळी पुंगळ्या गोळा होतात, त्या यापुढे खाजगी खरेदीदारांना जशाच्या तशा विकू नयेत. यंत्रात घालून त्यांचा चेंदामेंदा करावा आणि केवळ भंगार म्हणून त्यांचा निकाल लावावा, असा या हुकुमाचा आशय होता. बराक ओबामा यांना अध्यक्षपदाची सूत्रे हाती घेऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. नवे शासन बंदुकांवर निर्बंध आणणार या धास्तीने लोकांनी दुकानांतील काडतुसे उचलली होती. अशा वेळी हा हुकूम निघाल्याने मोठा गहजब झाला. मोंटाना राज्याचे दोन सिनेटर, मॅक्स बॉकस आणि जॉन टेस्टर, यांनी संरक्षण खात्याकडे हरकत नोंदवली. हे दोघेही अध्यक्षांच्याच पक्षाचे होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. काही दिवसांतच हुकूम मागे घेण्यात आला. या पुंगळ्या विक्रीस मोकळ्या करता येतील अशा सरकारी मालाच्या वर्गात बसतात, असा साक्षात्कार खात्याला झाला.

प्रकरण मिटले, पण त्यातला प्रश्न मिटला नाही. लष्करासाठी बनलेली वस्तू नागरिकांच्या हाती जावी की न जावी, हा वाद त्या देशात पुनःपुन्हा उफाळून येतो आणि प्रत्येक वेळी रिकामी पुंगळी व भरलेले काडतूस यांची गल्लत केली जाते. ही गल्लत निरुपद्रवी नाही. धोका जिथे नाही तिथे कठोर होणारे शासन धोका जिथे आहे तिथे बहुधा ढिले पडते, असा अनुभव आहे.

आपल्या वाचकाला हा विषय अपरिचित वाटणे साहजिक आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवान्यावाचून काडतुसे बनवणे हा गुन्हा आहे, आणि काडतुसाचे भागही त्या कायद्याने केलेल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत येतात. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी घरी काडतुसे भरण्यास संघराज्याचा परवाना लागत नाही. ती विकण्याचा धंदा करायचा तर मात्र लागतो. या मुभेवर तेथे एक मोठा छंद उभा आहे. काडतुसाचे भाग चार: पितळी पुंगळी, तिच्या बुडातील पेट घेणारी टोपी, आतील दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार उडाला की टोपी जळते, दारू संपते, गोळी निघून जाते. उरते ती पुंगळी. चौघांत सर्वांत महाग भागही बहुधा हीच. ती नीट सिद्ध करून पुन्हा वापरली तर नेमबाजाचा खर्च पुष्कळ वाचतो. मिसूरी राज्यातील इंडिपेंडन्स येथे १९४१ साली स्थापन झालेल्या लेक सिटी या सरकारी कारखान्याच्या पुंगळ्यांना या मंडळींत विशेष मान आहे. बुडावरचा 'एलसी' हा छाप, सालाचे शेवटचे दोन आकडे आणि वर्तुळातील क्रूस ही नाटोची खूण पाहून जाणकार त्या अचूक निवडतो.

परंतु लष्करी पुंगळी उचलली आणि भरली, इतके हे काम सोपे नाही. सर्वप्रथम ढिगातून न उडालेले एखादे काडतूस चुकून आले आहे काय, हे पाहावे लागते. मैदानावरच्या ढिगात असे सापडणे अशक्य नाही. मग छाप व साल पाहून निवड. एका कारखान्याच्या पुंगळीची भिंत दुसरीहून जाड असते आणि जाड भिंतीच्या पुंगळीत जागा कमी उरते. तेवढीच दारू कमी जागेत भरली तर दाब वाढतो. ७.६२ मिलिमीटरच्या लष्करी पुंगळीसाठी दारूचे माप आधी उतरवून मग सावकाश वर न्यावे, असे जाणते सांगतात ते याचसाठी. बार उडतो तेव्हा आतील दाब दर चौरस इंचाला पन्नास हजार पौंडांहून अधिक असतो. तो झेलणाऱ्या पितळाच्या बाबतीत अंदाजपंचे कारभार चालत नाही.

दुसरी अडचण टोपीची. युरोपातील बऱ्याच लष्करी काडतुसांत ऐरण पुंगळीतच घडवलेली असते आणि बुडाला दोन बारीक छिद्रे असतात. ही पद्धत हायरम बर्डन या अमेरिकनाची. अमेरिकेत मात्र वुलिच येथील इंग्रज अधिकारी एडवर्ड बॉक्सर याची पद्धत रुजली. तीत ऐरण टोपीतच असते व मधोमध एकच छिद्र असल्यामुळे जुनी टोपी आतून सुईने ढकलून सहज काढता येते. एकाने शोध लावावा आणि तो दुसऱ्याच्या देशात नांदावा, असा हा विनोद आहे. त्यातही लष्करी टोपीभोवतीची कड दाबून पक्की केलेली असते, कारण मशीनगनमध्ये टोपी सैल झाली तर सारी यंत्रणा अडकते. युद्धात जी सोय, तीच घरी अडथळा होते. ही दाबलेली कड खरवडून किंवा पोलादी ठशाने मागे सारून काढल्याशिवाय नवी टोपी सरळ बसत नाही. आणि जबरीने बसवू पाहिली तर ती हातातच उडण्याचा धोका असतो.

तिसरी गोष्ट आकाराची. दाबाखाली पुंगळी फुगून बंदुकीच्या कोठीला चिकटते, वायू मागे येऊ देत नाही, आणि क्षणात थोडी आक्रसून मोकळी होते. मशीनगनच्या सैल कोठीतून आलेली पुंगळी नेहमीपेक्षा अधिक ताणलेली असते. तिला वंगण लावून पोलादी साच्यातून दाबून मूळ मापावर आणावे लागते. या साऱ्यात पितळ पुढे सरकते आणि लांबी वाढते. म्हणून तोंड कातरून ५.५६ मिलिमीटरच्या पुंगळीची लांबी ४४.७० मिलिमीटरच्या मर्यादेआत, सामान्यतः ४४.४५ वर, आणतात. वाढलेली मान कोठीत अडकली तर गोळीला सुटायला वाव राहत नाही आणि दाब भलताच चढतो. शिवाय बुडाच्या थोडे वर चकाकती कडा उमटली असेल तर तेथील भिंत आतून झिजली आहे असे समजावे. टोक वाकवलेली तार आत फिरवून ती खाच चाचपतात. अशी पुंगळी पुढच्या बाराला तुटते. ती मोडीत टाकण्यातच शहाणपण असते.

पितळाच्या स्वभावाचा एक धडा तर जगाला आपल्याच भूमीवर मिळाला आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेच्या काडतुसांना पावसाळ्यात आपोआप तडे जात. ही काडतुसे अनेकदा तबेल्यांत साठवलेली असत. तडे ऋतूप्रमाणे येत म्हणून त्यांना इंग्रजीत ऋतूचेच नाव मिळाले. घोड्यांच्या मुतारीतून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळात कोंडलेला ताण या तिन्हींचा तो संयुक्त परिणाम होता, हे मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ साली उलगडून दाखवले. उपाय साधा होता: ताण निघून जाईल इतके पितळ तापवावयाचे. पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर ठोकून कडक झालेले भांडे पुन्हा भट्टीत घालून मऊ करतो, त्यामागील तत्त्व हेच. लष्करी पुंगळीच्या मानेवर निळसर-तपकिरी डाग दिसतो तो या तापवण्याचाच. तो दोष नव्हे, काम झाल्याची खूण होय. आणि म्हणूनच अमोनिया असलेल्या पॉलिशने पुंगळ्या चमकवू नयेत असे जाणकार बजावतात. चकाकीच्या मोहाने ताकद गमवावी, हा सौदा कोणत्याही क्षेत्रात वाईटच.

आणखी एका धोक्याकडे मात्र या छंदात पुरेसे लक्ष दिले जात नाही. टोप्यांत शिशाचा क्षार असतो आणि झाडलेल्या पुंगळीच्या काजळीत शिसे उरते. कोरड्या भुशात घोळवून पुंगळ्या साफ केल्या की ती धूळ हवेत मिसळते. त्यामुळे पोलादी सुया घालून पाण्यात घोळवण्याची रीत अधिक बरी. हे काम स्वयंपाकघरात करणे, लहान मुलांना तिथे खेळू देणे, हात न धुता जेवायला बसणे, हे प्रमाद दिसायला क्षुल्लक आहेत. पण शिशाचे विष मुलांच्या मेंदूवर हळूहळू काम करते आणि त्याचा आवाज होत नाही.

आता विरुद्ध बाजू. अमेरिकेत २०२१ या एका वर्षात बंदुकीने ४८,००० हून अधिक माणसे मेली. त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. ज्या समाजात हे घडते तेथे दारूगोळ्याच्या प्रत्येक वाटेकडे संशयाने पाहणाऱ्यांना वेडगळ ठरवता येणार नाही. घरी भरलेल्या काडतुसाची नोंद कोठेही होत नाही, हा त्यांचा आक्षेप खोटा नाही. लास वेगास येथे २०१७ साली झालेल्या हत्याकांडात मृतांची संख्या पुढे साठवर गेली. त्या हल्लेखोराला काडतुसे विकणाऱ्या ॲरिझोनातील एका इसमाला, परवान्याशिवाय काडतुसे तयार करून विकल्याबद्दल, २०२० साली तेरा महिन्यांची कैद झाली. छंदाची मुभा धंद्याच्या आड येते तेव्हा काय होऊ शकते, याचे हे उदाहरण विसरता येणार नाही.

तथापि या उदाहरणातून निष्कर्ष कोणता काढावयाचा? त्या इसमाला शिक्षा झाली ती असलेल्या कायद्याने. विक्रीला परवाना आणि स्वतःपुरते मोकळीक ही रेषा कायद्याने आखलेलीच होती. गरज ती काटेकोरपणे राखण्याची होती, पुंगळ्या चिरडण्याची नव्हती. खरा वाद कोठे आहे हे २०२३ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२४ मध्ये दिसले. लेक सिटी कारखान्यात भरलेली काडतुसे खुल्या बाजारात विकली जातात आणि त्या कारखान्याच्या छापाच्या पुंगळ्या अनेक हत्याकांडांच्या जागी सापडल्या, असे वृत्त प्रसिद्ध झाले, आणि अनेक राज्यांच्या महाधिवक्त्यांनी या विक्रीची चौकशी व्हावी अशी मागणी केली. सरकारी मालकीच्या कारखान्यातून भरलेले काडतूस पेटीबंद होऊन दुकानात यावे की नाही, हा गंभीर प्रश्न आहे आणि त्यावर त्या देशाने वाद घातलाच पाहिजे. परंतु हत्याकांड करू निघालेला मनुष्य पेटी विकत घेतो. संध्याकाळच्या संध्याकाळ टेबलाशी बसून एकेक पुंगळी चाचपत, कातरत, मापत नाही. जे काम उतावीळपणाला थारा देत नाही, त्याच्या कच्च्या मालावर घण घातल्याने उतावीळ हात थांबत नाहीत.

२००९ च्या हुकुमातील खरी चूक हीच होती. तो द्वेषाने काढला गेला, असे मानण्याचे कारण नाही. यादीतल्या एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात वस्तू टाकणाऱ्या कारकुनी बुद्धीचे ते अपत्य होते. चिरडलेल्या पितळाला वापरण्याजोग्या पुंगळीच्या मानाने फारच कमी किंमत येते. म्हणजे खजिन्याचे नुकसान, नागरिकाचे नुकसान आणि सुरक्षिततेत शून्य भर. त्यानंतरच्या संरक्षण खर्चाच्या कायद्यांत अमेरिकी संसदेने, विक्रीस कायद्याने मज्जाव नसलेला दारूगोळा व त्याचे भाग, ते निकामी किंवा असुरक्षित असल्याचा दाखला असल्याखेरीज, नष्ट करण्यास पैसा खर्चू नये, अशी अट घातली. ही अट योग्य आहे. नाश करावयाचा तर त्याचे कारण वस्तूत दाखवावे, संशयात नव्हे, हे तत्त्व तिच्यात आहे.

मात्र मुभा मिळाली म्हणजे जबाबदारी संपली असे नव्हे. विकणाऱ्या खात्याने ढिगात जिवंत काडतूस राहणार नाही याची खात्री करून मगच माल द्यावा. घेणाऱ्याने आपल्या टेबलावरचे काडतूस शेजाऱ्याला विकण्याचा मोह टाळावा. कारण तेवढ्यानेच छंदाचा धंदा होतो आणि साऱ्या मुभेवर गदा येते.

आपल्याला अमेरिकेची बंदूक-संस्कृती आयात करण्याचे काहीएक कारण नाही. आपला कायदा कडक आहे तो असावाच. पण वस्तू आणि धोका यांची गल्लत करण्याचा रोग आपल्यालाही जडलेला आहे. विमानतळावर प्रवाशाच्या पिशवीत विसरलेले एखादे काडतूस सापडते, गुन्हा नोंदवला जातो, आणि ताबा जाणीवपूर्वक नव्हता म्हणून तो उच्च न्यायालयाला रद्द करावा लागतो, अशी प्रकरणे दिल्लीत कितीतरी झाली आहेत. न्यायालयाने जो विवेक शेवटी दाखवावयाचा, तो प्रशासनाने आरंभीच दाखवला तर कोणाचे बिघडेल? ढिगातील चांगली पुंगळी व तडकलेली पुंगळी यांतला फरक घरबसल्या छांदिष्टाला तारेच्या एका तुकड्याने कळतो. शासनापाशी तर याहून चांगली साधने आहेत. उणीव आहे ती चाचपून पाहण्याच्या इच्छेची.