दुपारी विहाराला कुलूप का?



एप्रिलची दुपार होती, दीड-पावणेदोनची वेळ. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या पायरीवर भिंतीच्या सावलीची वीतभर पट्टी उरली होती. तेवढ्यात अंग चोरून एक बाबा बसले होते. भंगार गोळा करून पोट भरणारे, पोतं शेजारी ठेवलेलं. समोरच्या ताईंनी मला हाक मारली, "सिस्टर, बाबा काहीतरीच बडबडतायत, बघा जरा." जाऊन हात लावला तर अंग तव्यासारखं. कातडी कोरडी, डोळे उघडे, पण समोर कोण आहे याची ओळख नाही. आम्ही दोघी-तिघींनी त्यांना उचलून ताईंच्या ओसरीत नेलं, पिंपातलं पाणी अंगावर ओतलं, ओल्या साडीत गुंडाळलं, पुठ्ठ्याने वारा घातला. १०८ ची गाडी आली. पाचव्या दिवशी बाबा दवाखान्यात गेले. कागदावर लिहिलं होतं, हृदयक्रिया बंद पडली. ऊन हा शब्द त्या कागदावर कुठेच नव्हता.

हे लिहिताना लाज वाटते, ती कागदाची नाही. बाबा बसले होते तिथून दोन हातांवर विहाराचं दार होतं. आत स्लॅबचं छत, गार फरशी, चार पंखे, पाण्याचा माठ. आणि दाराला कुलूप. माइकचा सेट चोरीला गेला तेव्हा "सकाळची वंदना झाली की कुलूप लावा, संध्याकाळी उघडा" असं बैठकीत म्हणणाऱ्यांत मीही होते.

मार्च उजाडला की सूचना येतात. भरपूर पाणी प्या, सुती कपडे घाला, दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नका. मीही हेच सांगत आले. त्यात चूक काही नाही. पण "घरात थांबा" हा सल्ला ज्याचं घर बाहेरच्यापेक्षा गार आहे त्याच्यासाठी आहे. टीव्हीवर आपल्या भागाचं तापमान ४१ सांगितलं, तर तो आकडा सावलीतला असतो. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या पेटीत, जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर, मोकळ्या हवेत ठेवतात. दहा बाय बाराच्या पत्र्याच्या खोलीत गॅस पेटवून भाकरी थापणाऱ्या बाईच्या अंगाला काय लागतं, ते त्या पेटीला कळत नाही. पत्रा दिवसभर तापतो आणि रात्री ती आग खाली सोडतो. शरीराला रात्री थंड व्हायला मिळालं तर ते दुसऱ्या दिवसाचं ऊन सोसतं. आपल्या घरांत तेही मिळत नाही. म्हणून लाटेच्या पहिल्या दिवशी माणूस धडधाकट दिसतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोसळतो.

आणि बारा ते तीन घरी बसणार तरी कोण? रांजणगाव नाहीतर कुरकुंभच्या एमआयडीसीत कंत्राटावर जाणारी पोरं, केडगावकडच्या गुऱ्हाळांवर उकळत्या काहिलीसमोर उभे राहणारे, बांधकामावरच्या बाया, दौंडच्या फलाटावर ओझी उचलणारे, शिरूरच्या बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या मावश्या. एक दिवस बसले की हजेरी गेली. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते तेव्हा कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारं विधेयक त्यांनी मांडलं आणि १९४६ मध्ये त्याचा कायदा झाला. कामाची वेळ हा आरोग्याचाच प्रश्न आहे. मुकादमाला एकट्याने सांगितलं तर तो ऐकत नाही, पंधराजणांनी मिळून "सहाला सुरू करू, अकराला थांबू, चारनंतर पुन्हा येऊ" म्हटलं तर बऱ्याचदा ऐकतो. आणखी एक: नव्या माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी उन्हात उभं करू नका. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. गावाकडून नुकता आलेला भाऊ, बाळंतपणानंतर पुन्हा कामाला लागलेली बहीण, यांना पहिले दिवस जपा.

आता विहाराबद्दल. माझं म्हणणं साधं आहे. मार्चच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत, रोज अकरा ते पाच, विहार उघडा राहिला पाहिजे. वस्तीत स्लॅबची, पंख्यांची, नळाची एवढी मोठी जागा दुसरी नाही. ती आपण वर्गणी काढून, श्रमदान करून बांधली आणि सगळ्यात गरज असते तेव्हा बंद ठेवतो. ही काही माझ्या डोक्यातून निघालेली नवी गोष्ट नाही. मे २०१० च्या लाटेत अहमदाबादेत फार माणसं दगावली. त्यानंतर तिथल्या महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, देशातला पहिला. लाटेच्या दिवसांत मंदिरं आणि सार्वजनिक इमारती लोकांना गारव्यासाठी उघड्या ठेवायच्या, असं त्यात आहे. शिरूर आणि दौंड, दोन्हीकडे नगरपरिषद आहे, वस्त्यांत समाजमंदिरं आहेत. त्यांची कुलपं काढा असा अर्ज मुख्याधिकाऱ्यांना द्यायचाच आहे. पण स्वतःचं कुलूप न काढता दुसऱ्याच्या कुलपाबद्दल अर्ज कसा करणार?

हे मी जिथे बोलले तिथे मला उत्तरं मिळाली. चोरी होईल. तर माइक, दानपेटी लोखंडी कपाटात ठेवा, कपाटाला कुलूप लावा. लाइटबिल येईल. चार पंखे पाच तास चालले तर साधारण दीड युनिट होतं. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेत किती उन्हाळे पंखे फिरतील, हिशोब तुम्हीच करा. पोरं पत्ते खेळतील, गुटखा थुंकतील. हे खरं आहे. पण महिला मंडळाच्या दोघी आत बसलेल्या असल्या की कोणी पत्ते काढत नाही, हे मी पाहिलं आहे.

सगळ्यांत जास्त ऐकलेलं उत्तर असं: विहार ही वंदनेची जागा आहे, तिथे लोकांनी आडवं होणं शोभत नाही. यावर मी विनयातली गोष्ट सांगते. अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेला एक भिक्खू तथागतांना दिसला. कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं आणि उचलून मंचकावर ठेवलं. मग भिक्खूंना बजावलं की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. मी शिकलेल्या नर्सिंगमध्ये याहून मोठा धडा नव्हता.

आणि "कोणीही येईल" असं म्हणणाऱ्यांना काय सांगू? येऊ द्या. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले ते पाणवठा सगळ्यांचा असतो हे सांगायला. आपल्या विहाराबाहेरच्या रांजणावर जातीची पाटी असूच शकत नाही. रस्त्याने जाणारा ऊसवाला, कुरिअरचा पोरगा, पालावरची बाई, जो तहानलेला तो पिईल. १ जानेवारीला जयस्तंभाकडे येणाऱ्या लाखोंना आपलीच पोरं पाणी वाटतात. ते एका दिवसाचं काम उन्हाळाभर करायचं, एवढंच.

जयंतीचं वेगळं सांगायला हवं, कारण १४ एप्रिल ऐन उन्हात येतो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लोक तासन्‌तास उघड्यावर बसले आणि १४ जणांचे जीव गेले. त्या दिवशी पारा चाळिशीच्या आतच होता. दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही, म्हणून आकडा लहान असूनही ऊन मारतं. मिरवणूक पाचनंतर काढा. लेझीम खेळणाऱ्या मुलींना दर अर्ध्या तासाला पाणी द्या, लहान पोरांना बंद रथावर तासभर बसवू नका. रक्तदान शिबिर सकाळी, छताखाली घ्या आणि उपाशीपोटी कोणाला खाटेवर घेऊ नका. बुद्ध पौर्णिमेला अष्टशील घेणाऱ्या आजींना एक सांगणं: दुपारनंतर अन्न नाही, पाण्याला मनाई नाही. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

पाणी प्या म्हणणं सोपं आहे. बाया कमी पाणी पितात, कारण जायला जागा नाही. बाजारात, कामावर, शेतावर संडास नसतो, म्हणून सकाळपासून घोटभर पाण्यावर राहायचं. मग लघवीला जळजळ, ताप, चक्कर. मी वर्षानुवर्षं अशा बायांना "पाणी जास्त प्या" म्हणून घरी पाठवलं आणि कुठे जाता हे कधी विचारलं नाही. विहाराचं संडास-बाथरूम दुपारी उघडं राहणं हे पंख्याइतकंच महत्त्वाचं आहे.

कसलं पाणी, हेही बघायला लागतं. पुण्याचं सांडपाणी घेऊन मुळा-मुठा भीमेला मिळते ती आपल्याच दोन तालुक्यांच्या हद्दीवर. उन्हाळ्यात नदी आटते, घाण तेवढीच राहते. पाणी खळखळून उकळा. गॅस परवडत नसेल तर आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात मेडिक्लोर मागा. टँकरचं पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. गाडीवरचा गोळा पोरांना देताना बर्फ बघा. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम आहे. निळा रंग आपला, निळा बर्फ आपला नाही.

जुलाब लागले तर ओआरएस. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, ग्लासात अर्धं पाकीट नाही. केलेलं पाणी २४ तासांत संपवा, उरलं तर टाका. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दुकानातली गोड पेयं यासाठी चालत नाहीत. अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला एफएसएसएआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती उगाच नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी देऊ नका, आजी कितीही म्हणाली तरी. त्याला पुन्हा पुन्हा अंगावर पाजा, आणि पाणी आईला प्यायला द्या. पत्र्याखाली टांगलेली झोळी दुपारी खाली घ्या, वर हवा सगळ्यात जास्त तापलेली असते.

आणि ऊन लागलं आहे हे ओळखायचं कसं? पायात गोळे, डोकं दुखणं, मळमळ, खूप घाम: सावलीत आणा, कपडे सैल करा, मीठ-साखरेचं पाणी घोटघोट द्या. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या देतोय, झटका आला, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरी समजा, कष्ट करणाऱ्याला उष्माघातातही घाम असतो. १०८ ला फोन करा आणि गाडीची वाट बघत बसू नका. पाणी ओता, ओली चादर गुंडाळा, वारा घाला, मान, काख आणि जांघेत ओले फडके किंवा फडक्यात गुंडाळलेला बर्फ ठेवा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. तापाची गोळी देऊ नका, हा ताप त्या गोळीने उतरत नाही. कांदा कोणाला हुंगवायचा असेल तर हुंगवा, पण त्यात दोन मिनिटं घालवू नका. ब्लड प्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी किंवा मानसिक आजाराची औषधं घेणाऱ्यांना ऊन लवकर बाधतं. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं.

बाबा गेल्यानंतरच्या महिन्यात आम्ही पुन्हा बैठक घेतली. दोन तास वाद झाला. शेवटी एका आजींनी विचारलं, "ते आत आले असते तर कोणाचं काय गेलं असतं?" कोणी बोललं नाही. आता किल्ली अध्यक्षांच्या खिशात नसते, समोरच्या ताईंच्या दारामागे खिळ्यावर असते. भिंतीवर महिला मंडळाची वारानुसार नावं लावली आहेत, माझा वार बुधवार. पत्र्यांना चुना मारायला पोरांनी एक रविवार काढला, बारा घरं झाली, बाकीची राहिली आहेत. विहारातला माठ रोज दोनदा भरायला लागतो. पहिल्या आठवड्यात एक पंखा बिघडला, तो अजून दुरुस्त व्हायचा आहे.